न्यूरॉनमधला उणे ७० मिलिव्होल्टचा चार्ज टिकवतं कोण, पंप की गळती?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या देवगडच्या एका मुलीचा प्रश्न आलाय. तिच्या पुस्तकात एका पानावर लिहिलंय की न्यूरॉनच्या, म्हणजे मज्जापेशीच्या, आतला उणे ७० मिलिव्होल्टचा चार्ज सोडियम-पोटॅशियम पंपामुळे असतो, आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की तो पोटॅशियमच्या गळतीमुळे असतो, तर यातलं धरायचं काय? पंप बंद पडला तर चार्ज लगेच जातो का? पोटॅशियम सारखं बाहेर गळतंय तर ते संपत कसं नाही? आणि क्लोराइडचं काय?

हे बघ, मी कणकवली-कुडाळ पट्ट्यात भूल द्यायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधली बरीचशी औषधं कुठल्या ना कुठल्या वाटेनं या चार्जपाशीच येऊन पोचतात. त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, उत्तर लांबणार, निवांत वाच.

आधी सरळ उत्तर देतो. चार्ज तयार करते ती गळती. पंप स्वतः चार्जमध्ये फार थोडी भर घालतो, काही मिलिव्होल्ट फक्त, पण ज्या साठ्याच्या जोरावर गळती होते तो साठा पंप भरलेला ठेवतो. गळतीचं काम मिलिसेकंदांत होतं, पंपाचं काम मिनिटं आणि तास चालतं. तुझ्या पुस्तकातली दोन्ही पानं बरोबर आहेत, पण कुठलं काम किती वेळाचं हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आता आकडे घे, कारण आकड्यांशिवाय हा विषय नुसता पाठ होतो, कळत नाही. न्यूरॉनच्या आत पोटॅशियम लिटरला साधारण १४० मिलिमोल, बाहेर ४ च्या आसपास. सोडियम बरोबर उलटं, आत १२ च्या आसपास आणि बाहेर १४५. मधे मेंब्रेन, म्हणजे पेशीचं आवरण, चरबीचं दुपदरी, जाडी पाच नॅनोमीटरच्या आसपास, आणि चरबीतनं आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, आरपार जात नाहीत. त्यांना जायचं तर प्रोटीनचे चॅनेल लागतात. न्यूरॉन शांत असताना जे चॅनेल उघडे असतात त्यातले बहुतेक पोटॅशियमचे असतात, त्यांनाच लीक चॅनेल म्हणतात.

समज क्षणभर मेंब्रेनमधनं फक्त पोटॅशियमच जाऊ शकतं. आत जास्त, बाहेर कमी, म्हणजे ते बाहेर निघणार. पण पोटॅशियम धन आहे, तो एकेक आयन बाहेर गेला की आतली बाजू तेवढी ऋण झाली, आणि ती ऋण बाजू पुढच्या पोटॅशियमला मागे ओढायला लागते. थोड्याच वेळात बाहेर ढकलणारा जोर आणि आत ओढणारा जोर सारखे होतात आणि निव्वळ गळती थांबते. कुठल्या व्होल्टेजला थांबते हे नर्न्स्टच्या समीकरणातनं निघतं. ३७ अंशांना ६१.५ गुणिले लॉग, कंसात बाहेरचं भागिले आतलं. ४ भागिले १४० करून बघ, उत्तर येतं उणे ९५ मिलिव्होल्ट. सोडियमसाठी हेच केलंस तर अधिक ६६ च्या आसपास येईल. म्हणजे मेंब्रेन फक्त पोटॅशियमचं ऐकेल तर उणे ९५, फक्त सोडियमचं ऐकेल तर अधिक ६६, आणि खरा न्यूरॉन या दोघांच्या मधे पण पोटॅशियमच्या खूप जवळ बसतो, कारण शांत असताना सोडियमला मेंब्रेनमधनं वाट पोटॅशियमच्या विसाव्या हिश्शाएवढीच मोकळी असते असं धरलं तर चालतं. सगळ्या आयनांचा एकत्र हिशोब करणाऱ्या गोल्डमनच्या समीकरणात हा विसावा हिस्सा घालून बघ, क्लोराइड सध्या सोडून दे, ४ अधिक १४५ चा विसावा भाग, भागिले १४० अधिक १२ चा विसावा भाग, लॉग घेऊन ६१.५ नं गुण. उणे ६७ च्या पुढेमागे येईल. पुस्तकातला उणे ७० आला बघ, आणि या अख्ख्या हिशोबात पंपाचं नाव कुठेच आलं नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न, पोटॅशियम संपत कसं नाही. हा मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर आकड्यात बघितलं की विषयच उलगडतो. मुलांच्या डोक्यात चित्र असं असतं की आतनं भरपूर पोटॅशियम बाहेर गेलंय आणि म्हणून आत ऋण झालंय. तसं काहीच नसतं. २० मायक्रॉन व्यासाचा एक गोल न्यूरॉन धर. मेंब्रेनच्या दर चौरस सेंटिमीटरला चार्ज धरायची क्षमता साधारण १ मायक्रोफॅरड, हा आकडा जवळजवळ सगळ्या पेशींना चालतो. तेवढ्या मेंब्रेनवर ७० मिलिव्होल्ट उभे करायला किती आयन लागतात? ५५ लाखांच्या आसपास. ५५ लाख ऐकून मोठं वाटतं, पण त्याच न्यूरॉनच्या आत पोटॅशियमचे आयन किती आहेत ते काढ, ३५ हजार कोटी येतात. म्हणजे साठ-पासष्ट हजारांमागे एक आयन बाहेर गेला की सगळा उणे ७० तयार. आतलं पोटॅशियम मोजणारं यंत्र लावलंस तर आधी १४० आणि नंतरही १४०, फरक दिसणारच नाही. आणि हा जो चार्जचा फरक आहे तो पेशीभर पसरलेला नसतो, मेंब्रेनच्या दोन्ही अंगांना चिकटून अगदी पातळ थरात असतो, आतला बाकी सगळा द्रव विद्युतदृष्ट्या तटस्थच.

यातनंच आणखी एक गैरसमज जातो. बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं की आत ऋण चार्जची प्रोटीन्स असतात म्हणून आत ऋण असतं. प्रोटीन्स ऋण असतात हे खरं, ती बाहेर जाऊ शकत नाहीत हेही खरं, पण त्यांच्या ऋण चार्जला जोडीला तेवढंच पोटॅशियम आत हजर आहे ना, हिशोब जुळलेला आहे. उणे ७० येतो तो मेंब्रेनमधनं निसटलेल्या त्या मूठभर आयनांमुळे. पेपरात प्रोटीन्सचं कारण म्हणून लिहू नकोस, फार तर आतला ऋण आयन बाहेर जाऊ शकत नाही एवढंच लिही.

७० मिलिव्होल्ट म्हणजे किती किरकोळ, असं वाटेल. पण ते पाच नॅनोमीटरवर आहेत. भागाकार केलास तर सेंटिमीटरला लाखाहून जास्त व्होल्ट एवढं विद्युतक्षेत्र येतं. नसेतला संदेश सुटतो तो सोडियमचे चॅनेल उघडल्यामुळे, आणि ते हेच क्षेत्र ओळखून उघडतात नि मिटतात, म्हणून काही मिलिव्होल्टनी इकडेतिकडे झालं तरी नसेला कळतं.

पोटॅशियमचे चॅनेल सोडियमला का सोडत नाहीत हा प्रश्न तू विचारला नाहीस पण विचारायला हवा होतास, कारण सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे आणि लहानाला अडवून मोठ्याला सोडायचं हे विचित्रच. रॉडरिक मॅकिननच्या गटानं १९९८ मध्ये अशा एका चॅनेलची रचना क्ष-किरणांनी काढून दाखवली, आणि २००३ चं रसायनाचं नोबेल त्याला विभागून मिळालं. गंमत अशी की आयन पाण्यात असताना त्याच्याभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात आणि चॅनेलच्या अरुंद भागात शिरायचं तर ते सोडावे लागतात. चॅनेलच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेत की पोटॅशियमला पाण्याची भरपाई पुरेपूर मिळते, सोडियम लहान पडतो, त्याला ते ऑक्सिजन नीट पोचत नाहीत, म्हणून त्याला पाणी सोडून आत शिरणं परवडत नाही. एवढ्यावर हा चॅनेल पोटॅशियमला सोडियमपेक्षा हजारपटीहून जास्त पसंती देतो.

आता पंप. तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी १ एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन असलेला एक रेणू, खर्च करतो. तीन धन बाहेर आणि दोन आत म्हणजे दर फेरीला एक धन जास्त बाहेर जातो, त्यामुळे पंपाची चार्जमध्ये थेट भर असते, पण ती काही मिलिव्होल्टचीच. मग पंप बंद केला तर? हे कुणीतरी करून बघितलंय, आणि ज्याच्यावर बघितलं तो प्राणी तुझ्या ओळखीचा आहे.

देवगड बंदरावर किंवा मालवणच्या लिलावात माकूल, म्हणजे स्क्विड, बघितलाच असशील. घरी साफ करताना डोकं धरून ओढलं की आतली सगळी घाण आणि ती पारदर्शक काडी बाहेर येते, मग उरते ती पांढरी नळी. ती उभी चिरून आतली बाजू वर करून पसरलीस तर मानेकडच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक छोटी गाठ दिसते, आणि त्या गाठीतनं ताऱ्याच्या किरणांसारख्या पांढुरक्या नसा मांसात शिरताना दिसतात. मासा ताजा हवा, उजेड तिरका हवा, म्हणजे नीट दिसतात. माकूल घाबरला की ही नळी सगळीकडनं एकदम आवळतो नि पाणी मारून मागे सटकतो, त्यासाठी संदेश झटक्यात पोचायला लागतो, म्हणून त्या नसांत एकेक तंतू भलताच जाड असतो. युरोपातल्या मोठ्या माकुलात तो अर्धा ते एक मिलिमीटर जाड मिळतो, आपल्या शरीरातले बहुतेक तंतू त्याच्यापुढे शेकडो पटींनी बारीक. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये हा तंतू शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला, आणि १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी इंग्लंडच्या प्लिमथला त्याच्या आत इलेक्ट्रोड सरकवून आतनं व्होल्टेज मोजलं. या मालिकेतल्या कामाला १९६३ चं नोबेल मिळालं.

पण तुझ्या प्रश्नाला उत्तर देणारा प्रयोग १९५५ चा आहे, हॉजकिन आणि कीन्स यांचा. त्यांनी त्या तंतूंना सायनाइड, डायनायट्रोफिनॉल असली विषं दिली, म्हणजे एटीपी बनायचं थांबलं आणि पंपाचं खाणंच बंद. सोडियम बाहेर टाकणं थंडावलं, हे त्यांनी किरणोत्सर्गी सोडियम मोजून दाखवलं. आणि चार्ज? जवळजवळ होता तिथेच राहिला, तंतू संदेशसुद्धा पाठवत राहिला. पुढे १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी त्याहून पुढची गोष्ट केली, तंतूवर रबरी रोलर फिरवून आतला सगळा मगज पिळून काढला आणि त्या रिकाम्या नळीत पोटॅशियमच्या क्षाराचं साधं द्रावण भरलं. ना एटीपी, ना पेशीतलं आणखी काही. तरी आत ऋण चार्ज उभा राहिला आणि संदेशही गेले. आत आणि बाहेर पोटॅशियम सारखंच ठेवलं की मात्र चार्ज शून्यापाशी आला. मेंब्रेन आणि दोन बाजूंच्या पोटॅशियममधला फरक, चार्जला त्या क्षणी एवढंच लागतं.

आपल्या होडीचं कसं असतं, होडी तरंगते ती तिच्या घडणीमुळे, पाणी उपसल्यामुळे नाही. पण फटींतनं पाणी झिरपत असतं आणि उपसणारा थांबला तर ती लगेच बुडत नाही, सावकाश जड होत जाते आणि मग बुडते. पंप हा तो उपसणारा. सोडियम सतत थोडं थोडं आत झिरपतंय, पोटॅशियम थोडं थोडं बाहेर, प्रत्येक संदेशामागे आणखी थोडं, आणि पंप ते सतत उलटं फिरवतोय. म्हणून पोटॅशियम संपत नाही. न्यूरॉनची शांत अवस्था म्हणजे सगळे जोर जुळून निवांत बसलेली अवस्था नाही, उणे ७० ला पोटॅशियमही पूर्ण समाधानी नाही आणि सोडियम तर अजिबातच नाही, दोघांची गळती चालू आहे आणि पंप एटीपी जाळून ती भरून काढतोय, आणि हे तू झोपलेली असताना पण.

या पंपाचा शोध कसा लागला हे सांगायलाच हवं, कारण त्यात माझ्या धंद्याचा संबंध आहे. डेन्मार्कमधले येन्स स्कोऊ हे मुळात डॉक्टर, सर्जरी करता करता त्यांना बधिर करणाऱ्या औषधांचं कुतूहल लागलं, ती नसेच्या मेंब्रेनवर काय करतात हे शोधता शोधता ते नसेतल्या एटीपी तोडणाऱ्या एन्झाइमपर्यंत पोचले, आणि त्यासाठी नसा वापरल्या त्या कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, पायांतल्या, कोळ्याकडून कुर्ल्या आणवून. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तरच ते एन्झाइम जोरात चालतं हे त्यांनी १९५७ मध्ये छापलं. १९९७ मध्ये त्यांना रसायनाचं नोबेल मिळालं, तेही विभागून.

आता एक सावधगिरी. माकुलाचा तंतू जाड आहे, आत साठा प्रचंड, म्हणून तो पंपाशिवाय तासन् तास काढतो. आपल्या मेंदूत तसं नाही. तंतू बारीक, आत साठा थोडा, भोवतालची जागा चिंचोळी, आणि सारखे संदेश चाललेले. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजनचा खर्च साधारण २० टक्के, त्यातला मोठा वाटा या पंपांचा. रक्तपुरवठा थांबला की दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते, पण तेव्हा चार्ज गेलेला नसतो. पेशींबाहेरचं पोटॅशियम हळूहळू चढायला लागतं, आणि दोनेक मिनिटांत एक क्षण असा येतो की ते एकदम उसळतं, ३-४ चं ५० च्या वर जातं, आणि न्यूरॉनचा चार्ज कोसळतो. म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, लगेच जात नाही, पण माणसाच्या मेंदूत ‘लगेच नाही’ म्हणजे मिनिटं. भुलीत आम्ही बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावरनं नजर हलवत नाही त्यामागे हेच आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती. वर बघितलंस ना, चार्ज ठरतो तो आतलं-बाहेरचं या भागाकारावर. आतला आकडा १४०, त्यात तीन कमी झाले तर १३७, काही फरक पडत नाही. बाहेरचा आकडा ४, त्यात तीन वाढले तर ७, आणि गोल्डमनमध्ये ४ च्या जागी ७ टाकून बघ, उणे ६७ चे उणे ६१ होतात. म्हणजे सगळं नाजूक आहे ते बाहेरच्या छोट्या आकड्यात. अख्ख्या शरीरात पोटॅशियम तीन हजार मिलिमोलच्या वर, आणि पेशींच्या बाहेर, रक्तात नि आजूबाजूच्या द्रवात मिळून, साठ मिलिमोलच्या आसपास. बस एवढंच.

एक पेशंट सांगतो. किडनी गेलेला, डायलिसिससाठी हाताला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेची जोडणी, करायचा होता, मे महिना, उकाडा म्हणजे विचारू नको. टेबलवर घेण्याआधी मी ईसीजी बघितला तर टी लाट उंच आणि टोकदार, पी लाट जवळजवळ सपाट. त्याला विचारलं, काका पाय कसे वाटतायत, तर म्हणाले डॉक्टर, दोन दिवस जिना चढताना गुडघ्यात जोरच नाही. खाण्यापिण्याचं विचारलं तर बायको म्हणाली, उन्हाचं बरं म्हणून घरचीच शहाळी देतेय, सकाळ-संध्याकाळ. रिपोर्ट आला, पोटॅशियम ७ च्या वर.

शहाळ्याच्या पाण्यात लिटरला ४० ते ६० मिलिमोल पोटॅशियम असतं, जात आणि कोवळेपणा यावर कमीजास्त. एका शहाळ्यात तीनशे मिली पाणी धर, म्हणजे १५ मिलिमोल आले. पेशींबाहेर अख्ख्या शरीरात साठच आहेत हे लक्षात ठेव. तुझ्यामाझ्यासारख्याला काही होत नाही, कारण प्यायल्याबरोबर इन्सुलिन आणि पंप मिळून ते पेशींच्या आत नेऊन ठेवतात आणि मग किडनी सावकाश बाहेर टाकते. किडनीच नसेल तर ते आत-बाहेर करत राहतं आणि साचत जातं. कोकणात आजारी माणसाला शहाळं देणं हे प्रेमाचं काम आहे, मी कुणाला रागावत नाही, पण किडनीच्या पेशंटच्या घरी हे सांगितलंच पाहिजे आणि नर्सच ते सगळ्यात चांगलं सांगू शकते, घरचे तुझ्याशी मोकळं बोलतील.

आता बघ, त्याच्या पायातला जोर का गेला? चार्ज शून्याकडे सरकला म्हणजे नस नि स्नायू उलट जास्त उत्तेजित व्हायला हवेत, संदेश सुटायला जेवढं व्होल्टेज लागतं तो उंबरठा जवळ आला ना. सुरुवातीला होतंही तसं. पण सोडियमचे चॅनेल असे आहेत की मेंब्रेन बराच वेळ कमी ऋण राहिलं की ते स्वतःला लॉक करून घेतात, उघडायला तयारच नसतात. मग स्नायू ढिले, हृदयातला संदेश संथ, आणि पुढे हृदय थांबायची भीती. आणि एवढं असून तो माणूस पूर्ण शुद्धीत माझ्याशी आंब्याच्या भावाबद्दल बोलत होता, कारण मेंदूभोवतीच्या द्रवातलं पोटॅशियम रक्तातल्या चढउतारापासून वेगळं राखलेलं असतं, ३ च्या आसपास. मेंदूतले न्यूरॉन ७ बघतच नाहीत. बघतात ते हृदय, स्नायू आणि बाहेरच्या नसा.

उपचार बघ, त्यात सगळा धडा आहे. आधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतनं. त्यानं पोटॅशियम एक कणभरही उतरत नाही, चार्जही परत खाली जात नाही, फक्त सोडियम चॅनेल उघडायचा उंबरठा दूर सरकतो आणि हृदयाला अवधी मिळतो. मग इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज, आणि सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. हे दोन्ही पंपाला जोर देतात, पोटॅशियम पेशींच्या आत जातं, अर्ध्या तासात आकडा उतरायला लागतो. आणि शेवटी डायलिसिस, कारण आत ढकललेलं कधीतरी परत बाहेर येणारच. फिस्टुला त्या दिवशी नाही केला, पुढच्या आठवड्यात केला. अशा पेशंटला स्कोलीन, म्हणजे भुलीत स्नायू ढिले करायचं औषध, द्यायची वेळ आली तर आम्ही हात आखडतो, कारण ते स्नायूंचे चॅनेल उघडून पोटॅशियम आणखी अर्ध्या मिलिमोलनं चढवतं. चांगल्या माणसाला तेवढं चालतं, सातवर असलेल्याला नाही.

एक गोष्ट वेगळी ओळखायला शीक, चार्ज जाणं वेगळं आणि संदेश अडणं वेगळं. झायलोकेन दिलं किंवा मणक्यात ब्युपिव्हॅकेन दिलं की पाय बधिर होतात, पण त्या नसांचा उणे ७० जागच्या जागी असतो. औषध सोडियम चॅनेल अडवतं, संदेश धावत नाही, एवढंच. आपल्या जाळ्यात येणारा केंड, तो फुगणारा, त्याच्या जातीतल्या बऱ्याच माशांत टेट्रोडोटॉक्सिन असतं, ते पण हेच करतं आणि फार जोरात करतं, माणूस शुद्धीत असतो पण श्वासाचे स्नायू हलत नाहीत. लाल विंचवाचं विष याच्या उलट. ते सोडियम चॅनेल मिटू देत नाही, नसा पेटल्यासारख्या संदेश सोडत राहतात, घाम, थंड हातपाय, वाढलेलं प्रेशर, फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्याच कोकणातले हे पेशंट बघून प्राझोसिनचा उपचार बसवला, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तिन्ही ठिकाणी पंप ठीक, गळतीही ठीक, बिघाड सोडियम चॅनेलमध्ये. पंपच अडवणारं विष हवं तर कण्हेरीत आहे, हृदयाचं औषध डिगॉक्सिन त्याच घराण्यातलं, म्हणून कण्हेर खाल्लेल्या पोराचं पोटॅशियम आम्ही पुन्हा पुन्हा तपासतो.

आणि लीक चॅनेल म्हणजे नुसती भोकं असंही समजू नकोस. त्यांची जनुकं १९९६ पासून एकेक करून सापडत गेली, माणसात अशी पंधरा आहेत. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे आमचे गॅस त्यातल्या काही चॅनेलना जास्त उघडतात, पोटॅशियम जास्त गळतं, न्यूरॉन आणखी ऋण होतो आणि संदेश सोडायला नाखूश होतो. उंदरांत असं एक जनुक काढून टाकलं तर त्यांना भूल यायला जास्त गॅस लागला. भुलीचं हे एकच कारण नाही, पण थिएटरमध्ये व्हेपोरायझर फिरवतो तेव्हा मी काही अंशी पेशंटची पोटॅशियमची गळतीच वाढवत असतो.

राहिलं क्लोराइड. प्रौढ न्यूरॉनमध्ये एक वाहक प्रोटीन पोटॅशियमच्या बाहेर जायच्या जोरावर क्लोराइडलाही बाहेर नेतं, त्यामुळे आत ते ५ ते १० च्या आसपासच राहतं, बाहेर ११० च्या वर. त्याचा तोल साधतो तो उणे ७० च्या जवळपास किंवा थोडा खाली, म्हणून शांत असताना क्लोराइड चार्ज फारसा हलवत नाही. त्याचा उपयोग वेगळा. गाबा, म्हणजे न्यूरॉनला शांत करणारं मेंदूतलं रसायन, आलं की क्लोराइडचे चॅनेल उघडतात आणि व्होल्टेजला तिथेच जखडून ठेवतात, सोडियम कितीही ओढत असलं तरी, आणि आमचं शिरेतनं द्यायचं भुलीचं औषध प्रोपोफॉल गाबाचंच हे काम वाढवतं. नवजात बाळात ते वाहक प्रोटीन अजून पुरेसं आलेलं नसतं, न्यूरॉनच्या आत क्लोराइड जास्त असतं, तिथे गाबा उलट न्यूरॉनला चेतवू शकतं. बाळाच्या आकडीला मोठ्यांची औषधं कधीकधी नीट लागू पडत नाहीत त्यामागचं एक कारण हे मानतात, पुढे बालरोगाच्या वॉर्डात पोस्टिंग लागलं की तिथल्या सिस्टरना याबद्दल विचार.